ऑनलाइन पोकरमध्ये हार थांबत नाही: दोष पानांचा, खेळाचा की डोक्याचा?

लक्षणं बहुतेकांची सारखीच असतात. महिनाभर ग्राफ उतरतोय. एक्क्यांची जोडी आली की समोरच्याला सेट (तीन सारखी पानं) लागतो, आपला फ्लश ड्रॉ (एकाच चिन्हाच्या पाच पानांना एक कमी) रिव्हरपर्यंत, म्हणजे शेवटच्या उघड्या पानापर्यंत, कोरडा राहतो, आणि नीट विचार करून केलेला कॉलही (समोरच्याइतके पैसे भरणं) अंगाशी येतो. आठ-दहा बाय-इन (टेबलावर बसताना घ्यायची रक्कम) गेले की माणूस एक तर साइटला शिव्या घालतो, नाहीतर आपला अख्खा खेळच बदलून टाकतो. दोन्हींनी नुकसान वाढतं.

ग्राफवरची ही उतरण तीन वेगळ्या कारणांनी येते: पानांचा फेर म्हणजे व्हेरियन्स, खेळातली गळती म्हणजे लीक, आणि टिल्ट, म्हणजे हरल्याच्या रागात किंवा भीतीत बिघडलेला खेळ. उपाय मात्र एकमेकांच्या उलट आहेत. व्हेरियन्स असेल तर खेळाला हात लावायचा नाही, फक्त पैसा पुरेल एवढं बघायचं. लीक असेल तर खेळच दुरुस्त करावा लागतो, बँकरोल (खेळासाठी वेगळा ठेवलेला पैसा) कितीही मोठा असला तरी तो हळूहळू संपतो. टिल्ट असेल तर या दोन्ही गोष्टी नंतर, आधी टेबल बंद.

कायद्याचं आधी सांगितलेलं बरं. हे सगळं पैशांच्या ऑनलाइन पोकरबद्दल आहे, आणि भारतात त्याचा दरवाजा बंद झाला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावायचे ऑनलाइन खेळ पुरवण्यावर बंदी घातली. खेळ कौशल्याचा की नशिबाचा, हा जुना वाद त्या कायद्याने निकालातच काढला. देशी साइट्सनी त्याच महिन्यात कॅश टेबलं उचलली. त्यामुळे पुढचा मजकूर उपयोगी पडेल तो ब्रिटन, न्यू जर्सी, पेनसिल्व्हेनिया, मिशिगन अशा ठिकाणी परवानाधारक साइटवर खेळणाऱ्या मराठी मंडळींना. पुण्यात बसून व्हीपीएनने परदेशी साइटवर शिरणाऱ्याची अडचण वेगळीच आहे: तो जिंकला तरी पैसे काढताना केवायसीला खातं गोठू शकतं, आणि दाद मागायला जागा नसते.

निदानाआधीची तयारी

चालू लेव्हलवरचा (ज्या रकमेच्या टेबलावर खेळता तिथला) खेळ दोन दिवस थांबवा. साइटवरून डावांच्या नोंदी उतरवून पोकरट्रॅकर ४ किंवा होल्डएम मॅनेजर ३ मध्ये भरा. काही साइट्स नोंदी देत नाहीत. तिथे साइटचा स्वतःचा ग्राफ आणि आकडे जेवढे मिळतील तेवढ्यावर भागवावं लागतं.

मग दोन फिल्टर लावा. पहिला, खेळाच्या प्रकाराचा: सहा जणांचं टेबल, नऊ जणांचं टेबल आणि झूमसारखा झटपट खेळ हे तिन्ही वेगळे बघा. दुसरा जास्त महत्त्वाचा: ग्राफ डॉलर किंवा पौंडात न बघता बिग ब्लाइंडमध्ये बघा (डावाआधी सक्तीने लावायची मोठी रक्कम; इथे एक बाय-इन म्हणजे १०० बिग ब्लाइंड). दहा डॉलर बाय-इनच्या टेबलावर तुम्ही १२ बाय-इन जिंकलात आणि पन्नासच्या टेबलावर हौसेने बसून ४ हरलात, तर खिशातून ८० डॉलर गेले. पण बिग ब्लाइंडमध्ये तुम्ही ८०० ने वर आहात. अशा माणसाचा खेळ बिघडलेला नसतो, लेव्हलची निवड बिघडलेली असते. 'सतत हरतोय' अशा बऱ्याच तक्रारींचा निकाल इथेच लागतो.

किती डावांवरून बोलताय?

नो-लिमिट होल्डएमच्या सहा जणांच्या टेबलावर दर १०० डावांमागे स्टँडर्ड डेव्हिएशन, म्हणजे निकाल सरासरीपासून किती हेलकावतो त्याचं माप, साधारण ८० ते १०० बिग ब्लाइंड असतं. ट्रॅकरमध्ये तुमचा स्वतःचा आकडा मिळतो, तोच वापरा. इथे ९० धरू. दर १०० डावांना ५ बिग ब्लाइंड जिंकणारा, म्हणजे चांगलाच खेळाडू घ्या. १०,००० डावांनंतर त्याची अपेक्षित कमाई ५०० बिग ब्लाइंड, पण स्टँडर्ड डेव्हिएशन ९००. म्हणजे दहा हजार डावांअंती तो तोट्यात असण्याची शक्यता सुमारे २९ टक्के. ५०,००० डावांना ती ११ टक्क्यांवर येते, आणि १,००,००० डावांनंतरही ४ टक्के उरतेच.

आता तोच हिशोब दर १०० डावांना २ बिग ब्लाइंड जिंकणाऱ्याचा. लाख डाव खेळूनही तो तोट्यात असण्याची शक्यता २४ टक्के! एका टेबलावर तासाला ७५ डाव धरले आणि चार टेबलं उघडली, तर लाख डावांना साडेतीनशेच्या आसपास तास लागतात. एवढा वेळ योग्य खेळूनही चारातला एक जण हातात काही न घेता उठतो.

गोव्यात मांडवीतल्या कॅसिनो बोटीवर समोरासमोर खेळणाऱ्यांना ही गोष्ट आणखी जड जाते. तिथे तासाला जेमतेम २५ ते ३० डाव होतात. महिन्याला दहा तास खेळणाऱ्याला दहा हजार डाव पुरे करायला तीन वर्षं लागतील. त्याच्या 'वाईट वर्षा'वरून त्याच्या खेळाबद्दल काहीच ठरवता येत नाही.

एक मात्र विसरू नका. वरचे सगळे आकडे मुळात जिंकणाऱ्या खेळाडूचे आहेत. एकूण आठ हजार डाव खेळलेल्या नवख्याला डाउनस्विंग (जिंकणाऱ्या खेळाडूचा हरण्याचा काळ) आलाय असं म्हणताच येत नाही, कारण तो जिंकणारा आहे की हरणारा हेच अजून ठरलेलं नाही. पहिल्या दोन हजार डावांत कमावलं, नंतरच्या सहा हजारांत घालवलं, तर पहिला भाग नशिबाचा असण्याची शक्यता तेवढीच असते. हे ऐकायला कोणालाच आवडत नाही.

ऑल-इन ईव्हीची रेषा

ट्रॅकरच्या ग्राफवर प्रत्यक्ष कमाईसोबत ऑल-इन ईव्हीची, म्हणजे अपेक्षित कमाईची, रेषा दिसते. सगळे पैसे आत गेले त्या क्षणी तुमचा जितका टक्के हक्क होता, तितकाच भाग मिळाला असता तर काय झालं असतं, ते ही रेषा सांगते. एक्के विरुद्ध राजे असा सामना फ्लॉपआधी (पहिली तीन उघडी पानं पडण्याआधी) झाला तर एक्क्यांचा हक्क ८२ टक्के. हरलात तर प्रत्यक्ष रेषा अख्खा स्टॅक खाली जाते, ईव्हीची रेषा मात्र वर चढते.

प्रत्यक्ष रेषा ईव्हीच्या १५ बाय-इन खाली असेल आणि ईव्हीची रेषा चढती असेल, तर दोष पानांचा. खेळ तसाच ठेवा. दोन्ही रेषा हातात हात घालून उतरत असतील तर मात्र पुढे वाचा.

या रेषेवरही आंधळा भरवसा नको. ती फक्त रिव्हरआधी झालेले ऑल-इन मोजते. रिव्हरवर दिलेला मोठा कॉल, सेटवर सेट, फ्लशवर मोठा फ्लश, यांतलं दुर्दैव तिला दिसत नाही. तुमच्याकडे राजे आणि समोर एक्के असतील तर ईव्हीची रेषाही खालीच जाते, कारण तुमचा हक्कच १८ टक्के. सहा जणांच्या टेबलावर हातात राजे असताना उरलेल्या पाचांपैकी कोणाकडे तरी एक्के असण्याची शक्यता सुमारे अडीच टक्के. राजांची जोडी २२१ डावांत एकदा येते. म्हणजे हा प्रकार सरासरी नऊ हजार डावांत एकदा घडायचाच, आणि चार टेबलं खेळणाऱ्याने महिन्यातून एखाद-दुसऱ्यांदा तो धरूनच चालावं.

'साइटच फिक्स आहे'

शंका असेल तर मोजा. फ्लॉपआधी ऑल-इन झालेले आणि एका बाजूचा हक्क ८० टक्क्यांच्या आसपास असलेले सगळे डाव वेगळे काढा. तुम्ही वरचढ होता ते आणि तुम्ही दुबळे होता तेही. लोक दुसरा गट हमखास विसरतात, कारण आपल्याला लागलेलं नशीब लक्षात राहत नाही. असे २०० डाव असतील तर वरचढ बाजू ७४ ते ८६ टक्के वेळा जिंकली की आकडा नेहमीच्या मर्यादेत आहे. ३० डावांवरून हा निष्कर्ष काढू नका. तिथे ६७ टक्केही सहज दिसू शकतात.

ऑनलाइन पोकरमध्ये फसवणूक झालीच नाही असं नाही. २००७ मध्ये ॲब्सोल्यूट पोकर आणि २००८ मध्ये अल्टिमेटबेट या साइट्सवर समोरच्याची झाकलेली पानं पाहू शकणारी खाती उघडकीला आली. पण ती पकडली गेली ती खेळाडूंनी डावांच्या नोंदी खणून काढल्यामुळे: त्या खात्यांचा जिंकण्याचा वेग अशक्यप्राय होता आणि रिव्हरवर त्यांचे निर्णय कधी चुकतच नव्हते. फसवणूक अशी समोरच्याच्या वागण्यात दिसते, तुमच्या एक्क्यांवर पडलेल्या रिव्हरच्या पानात नाही. संगनमत किंवा बॉटचा संशय आला तर टेबलाचं नाव, डावाचे क्रमांक आणि खात्यांची नावं एकत्र करून साइटच्या सुरक्षा विभागाला पाठवा. चॅटमध्ये भांडून काही मिळत नाही.

गळती शोधताना

आधी रेक, म्हणजे साइटची कपात, बघा. छोट्या टेबलांवर पॉटच्या साधारण ५ टक्के कापले जातात, वर कमाल मर्यादा असते. दर १०० डावांना तुम्ही किती बिग ब्लाइंड रेक भरलात, ते ट्रॅकर सांगतो. तो आकडा परत मिळवून बघा. रेकआधी तुम्ही फायद्यात आणि रेकनंतर तोट्यात असाल तर समोरच्यांना तुम्ही हरवताय, पण साइटला नाही. बहुतेक साइट्स फ्लॉप पडला नाही तर रेक घेत नाहीत. म्हणून छोट्या टेबलांवर स्मॉल ब्लाइंडमधून (सक्तीने अर्धी रक्कम लावायची जागा) नुसता कॉल करायची सवय सगळ्यात महाग पडते. तिथे थ्री-बेट करा (समोरच्याने रक्कम वाढवली, म्हणजे रेझ केलं, की त्यावर पुन्हा रेझ), नाहीतर पानं टाका. या एका बदलाने अनेकांचा ग्राफ सरळ होतो.

मग जागेनुसार कमाई. बिग ब्लाइंडमध्ये सगळेच हरतात. तिथे प्रत्येक डाव टाकून दिला तरी दर १०० डावांना १०० बिग ब्लाइंड जातात. चांगला खेळाडू हा तोटा ३० ते ४० वर आणतो. स्मॉल ब्लाइंडमध्ये सगळं टाकलं तर ५० जातात. तिथे तुमचा तोटा ५० च्या वर असेल तर त्या जागेवर तुम्ही पानं न बघता फोल्ड केलेलं परवडलं असतं. बटनावरही, म्हणजे फ्लॉपनंतर सगळ्यांत शेवटी बोलायच्या जागेवरही, तुम्ही हरत असाल तर मात्र पायाच कच्चा आहे, बाकी आकडे नंतर.

व्हीपीआयपी (किती टक्के डावांत स्वतःहून पैसे लावता) सहा जणांच्या टेबलावर साधारण २२ ते २७ आणि पीएफआर (किती टक्के डावांत फ्लॉपआधी रेझ करता) १८ ते २२ हवं. दोहोंतलं अंतर सहा-सातच्या वर गेलं की समजावं, फ्लॉपआधी नुसते कॉल फार होतायत. पुढचे दोन आकडे एकत्रच वाचायचे: फ्लॉप पाहिल्यावर किती टक्के वेळा शोडाउनपर्यंत (शेवटी पानं उघडेपर्यंत) जाता, म्हणजे डब्ल्यूटीएसडी, आणि तिथे किती टक्के वेळा जिंकता. ३२ च्या वर जाऊन ४८ पेक्षा कमी जिंकत असाल तर तुम्ही बघण्यासाठी पैसे मोजताय. २४ च्या खाली जाऊन ५६ च्या वर जिंकत असाल तर लोक तुम्हाला डावातून हाकलतायत आणि तुम्ही जाताय. हे आकडे स्थिर व्हायला वेळ लागतो. व्हीपीआयपी हजारभर डावांत बोलू लागतं, शोडाउनच्या आकड्यांना पाच-दहा हजार तरी हवेत. रिव्हरवरच्या रेझचे आकडे बघायचे तर त्याच्या कितीतरी पट.

लाल रेषेच्या, म्हणजे शोडाउनशिवायच्या कमाईच्या, मागे लागू नका. छोट्या टेबलांवर ती थोडी उतरतीच असते. ती वर आणायच्या नादात कॉल सोडवत नाही अशा लोकांसमोर ब्लफ मारले जातात, आणि निळी, म्हणजे शोडाउनवरच्या कमाईची, रेषाही कोसळते.

शेवटी हाताने करायचं काम. सगळ्यात जास्त हरलेले ३० डाव काढा, प्रत्येकी किमान ५० बिग ब्लाइंडचे. निकाल झाकून ठेवा आणि प्रत्येक बेटच्या जागी दोनच प्रश्न विचारा: मी बेट केली तर माझ्यापेक्षा कमकुवत कोणती पानं कॉल करतील? मी कॉल केला तर समोरचा कोणती पानं घेऊन ब्लफ करतोय? छोट्या टेबलांवर या तीसातले निम्मे डाव एकाच साच्याचे निघतात: हातात एकच जोडी, समोरच्याने टर्न (चौथं उघडं पान) किंवा रिव्हरवर रेझ केलं, आणि कॉल दिला गेला. त्या लेव्हलवर रिव्हरचा रेझ क्वचितच ब्लफ असतो. टाका.

टिल्ट आकड्यांतही दिसतो

'मी शांतच असतो' असं सगळेच म्हणतात. म्हणून स्वतःला विचारू नका, नोंदींना विचारा. प्रत्येक बैठकीत दोन बाय-इन गेल्याआधीचे आणि नंतरचे डाव वेगळे करा. नंतरच्या भागात व्हीपीआयपी पाच किंवा जास्त अंकांनी वाढलं असेल तर तो टिल्ट. एरवी चार टेबलं उघडणाऱ्याने त्या दिवशी आठ उघडली असतील तर तोही.

दुसरी जात जास्त फसवी: भेदरलेला खेळ. थ्री-बेट कमी होतात, रिव्हरवर चांगली पानं असूनही चेक केलं जातं, शोडाउनचं प्रमाण घसरतं. हा माणूस आरडाओरडा करत नाही, त्यामुळे आपण शिस्तीत खेळतोय असं त्याला वाटतं. लांबलेल्या डाउनस्विंगमध्ये पैसे उडवण्यापेक्षा हे आखडणंच जास्त नेतं.

आणखी एक पडताळा पाच मिनिटांत होतो. जिंकलेल्या बैठकींची सरासरी लांबी आणि हरलेल्या बैठकींची सरासरी लांबी शेजारी लिहा. हरलेल्या दुप्पट लांब असतील तर तुम्ही बरं चाललं असताना लवकर उठताय आणि वाईट चाललं असताना पैसे वसूल करायला बसून राहताय.

उपाय साधे आहेत, पण बसण्याआधी लावलेले असले पाहिजेत. स्टॅक आपोआप भरायची सोय बंद करा, म्हणजे प्रत्येक नवा बाय-इन हाताने घ्यावा लागेल. बैठक ९० मिनिटांची. चॅट बंद. मनाला लागलेल्या डावाला खूण करा आणि दुसऱ्या दिवशीच उघडा. तीन बाय-इन गेले की उठा. ही मर्यादा पानं बदलत नाही. पुढच्या डावाला मागच्या तीन बाय-इनचं काही माहीत नसतं. ती आहे तुमचा बिघडलेला खेळ टेबलावर कमी वेळ राहावा म्हणून. वरचाच ५ बिग ब्लाइंडचा खेळाडू ६०० डावांच्या बैठकीअंती तीन बाय-इनहून जास्त हरलेला असण्याची शक्यता साधारण ७ टक्के आहे, म्हणजे पंधरा बैठकींत एकदा. दर तिसऱ्या बैठकीला तुम्ही तिथे पोचत असाल तर ते नशीब नाही.

भाड्याचे पैसे टेबलावर जात असतील, घरात आकडा लपवावा लागत असेल, हरलेलं वसूल होईपर्यंत झोप येत नसेल, तर वरचं काहीही लागू पडत नाही. तो पोकरचा प्रश्नच नव्हे. ब्रिटनमध्ये गॅमस्टॉपवर नाव नोंदवलं की सगळ्या परवानाधारक साइट्स ६ महिने, १ वर्ष किंवा ५ वर्षांसाठी एकदम बंद होतात, आणि निवडलेली मुदत मध्येच मागे घेता येत नाही. अमेरिकेत त्या-त्या राज्याची अशी यादी असते. भारतात टेली-मानस या मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या सरकारी क्रमांकावर मराठीतही बोलता येतं.

बँकरोल आणि खाली उतरणं

वीस बाय-इन पुरतात, असं अजूनही सांगितलं जातं. ५ बिग ब्लाइंडच्या खेळाडूला २० बाय-इनवर कफल्लक व्हायची शक्यता साडेआठ टक्के आहे, ४० वर एका टक्क्याहून कमी. पण २ बिग ब्लाइंड जिंकणाऱ्याला २० वर ती ३७ टक्के, ४० वर १४ आणि ५० वर साडेआठ. आपला खरा वेग कोणालाच नेमका माहीत नसतो, म्हणून कमीच धरा आणि ५० ठेवा. पीएलओ (पॉट-लिमिट ओमाहा, चार पानांचा पोकर) खेळत असाल तर स्टँडर्ड डेव्हिएशन १३० ते १६० च्या घरात जातं. तिथे ५० म्हणजे काहीच नाही.

उतरायची पायरी आधीच लिहून ठेवा. उदाहरणार्थ, २५ डॉलर बाय-इनच्या टेबलावर १,२५० डॉलर घेऊन बसलात. ७५० वर आलात की १० च्या टेबलावर जा. तिथे तेच पैसे ७५ बाय-इन होतात. ८५० झाले की परत वर, पण चारच बाय-इन घेऊन. ते गेले की पुन्हा ७५० आणि पुन्हा खाली. हे मधले १०० डॉलर म्हणजे खालच्या टेबलावरचे १,००० बिग ब्लाइंड, चांगल्या वेगानेही २०,००० डाव. कंटाळवाणं आहे, आणि म्हणूनच लोक ही पायरी गाळून उलट ५० च्या टेबलावर उडी मारतात.

टूर्नामेंटवाल्यांसाठी

तुमचा हिशोब निराळा. शंभरातल्या १५ टूर्नामेंटमध्ये पैशांत येणारा, म्हणजे काहीतरी बक्षीस मिळवणारा, खेळाडू धरा. लागोपाठ २० मध्ये काहीच न मिळण्याची शक्यता ४ टक्के. आणि १,००० टूर्नामेंट खेळलात तर त्यात कुठेतरी सलग ३० कोरड्या जाण्याची शक्यता तीनात दोन. शिवाय बक्षिसाचा मोठा भाग पहिल्या तिघांत जातो, त्यामुळे पैशांत येऊनही ग्राफ उतरत राहतो. ईव्हीची रेषा इथे फारशी कामाची नाही, कारण पहिल्या तासातला ऑल-इन आणि फायनल टेबलवरचा ऑल-इन यांचं वजन एक नसतं.

डाउनस्विंग छोटा करायचा सगळ्यात खात्रीचा मार्ग म्हणजे मैदान छोटं करणं. दोन हजार जणांच्या टूर्नामेंटऐवजी काही दिवस १८० जणांच्या खेळा. छोट्या मैदानाला १०० बाय-इन, मोठ्याला २०० ते ३०० ठेवा. रि-एंट्री (बाद झाल्यावर पुन्हा पैसे भरून शिरणं) घेतली तर तो दुसरा बाय-इन म्हणूनच नोंदवा. ११ डॉलरच्या टूर्नामेंटमध्ये तीनदा शिरलात तर ती तुमच्यासाठी ३३ डॉलरची टूर्नामेंट होती, आणि बँकरोलची मोजणी त्याच आकड्यावर करायची.